बांधावरचा तरवड : पावसाळ्यापूर्वी करावयाची कामे

वैशाखात बांध साफ करताना गवताबरोबर तरवडाची झुडपेही पेटवून देण्याची रीत अनेक गावांत आहे. ती यंदा थांबवावी, अशी कळकळीची विनंती आहे. सोलापूर, अहिल्यानगर, सांगली, साताऱ्याचा पूर्व भाग अशा कमी पावसाच्या पट्ट्यात मुरमाड माळावर पाण्यावाचून तग धरणारी आणि पिवळ्याधमक फुलांनी बहरणारी देशी झुडपे फार थोडी आहेत, आणि त्यांत तरवडाचा क्रम वरचा आहे. शास्त्रीय भाषेत त्याला सेन्ना ऑरिक्युलाटा म्हणतात. शेजारच्या तेलंगणाने याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला असून तेथील बतुकम्मा सणात ते आवर्जून वापरले जाते.

सध्या झुडपांवर वाळलेल्या, चपट्या, कागदासारख्या पातळ तपकिरी शेंगा मिळतील. टाकळ्याचे बी चुकून घेऊ नये. टाकळा हे पावसाळी तण असून त्याच्या शेंगा लांब व बारीक असतात, तर तरवड बहुवर्षायू असून त्याच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात. शेंगा निरोगी झुडपांवरून, शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणच्या, घ्याव्यात आणि भुंगेऱ्यांनी भोके पाडलेले बी वेगळे काढावे.

बियांचे कवच टणक असल्यामुळे तसेच पेरलेले बी उगवायला फार वेळ लावते, आणि पुष्कळ बी तर त्या वर्षी उगवतच नाही. यासाठी पाणी उकळून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, मगच त्यात बी टाकावे व रात्रभर तसेच राहू द्यावे. बी पाण्यात उकळू मात्र नये. सकाळी तरंगणारे बी टाकून द्यावे आणि फुगलेले बी लगेच पेरावे. हे काम मृगाच्या पावसाने जमीन चांगली भिजल्यावरच करावे, कारण भिजवलेले बी साठवता येत नाही. एका जागी दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्याही खोल जाणार नाहीत अशा बेताने टाकाव्यात. कुंपणासाठी झाडांमध्ये सुमारे दीड फूट अंतर ठेवावे, बागेत शोभेसाठी लावायचे असल्यास तीन-चार फूट सोडावेत. सोटमूळ लवकर खोल जात असल्याने पिशवीतील रोपे लहान असतानाच लावणे बरे. काळ्या जमिनीत बांधाचा माथा निवडावा, कारण तरवडाला दुष्काळ सोसतो, मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही.

तरवड शेंगवर्गीय कुळातला असल्यामुळे तो जमिनीत नत्र साठवतो, असा समज आढळतो. तो बरोबर नाही, कारण या वंशातील झाडांच्या मुळांवर सहसा नत्राच्या गाठी येत नाहीत. त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून जरूर वापरावा, परंतु त्या भरवशावर पिकाचे नत्र कमी करू नये.

खरा लाभ फुलांचा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. या फुलांत मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. मोठे काळे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात तेव्हाच तो मोकळा होतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांचे परागकोशही अशाच थरथरीने पराग सोडतात. त्यामुळे भाजीपाल्याच्या शेजारी बांधावर तरवड असला, तर अशा भुंग्यांना पीक फुलात नसतानाही खाद्य मिळते आणि ते परिसरात टिकतात. झुडूप फुलावर असताना त्यावर कीटकनाशकाचा फवारा जाऊ देऊ नये.

कातडी कमावण्यासाठी दक्षिण भारतात तरवडाच्या सालीला पूर्वी मोठी मागणी होती. साल हवी असेल तर छाटलेल्या फांद्यांचीच काढावी, कारण उभ्या खोडाची साल सोलल्यास झुडूप वाळते. मधुमेहावर फुलांचा काढा घेण्याची प्रथा आहे, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषधे बंद करून तो घेऊ नये.

जुन्या झुडपांची छाटणी शेंगा काढून झाल्यावर, पहिल्या पावसाच्या आधी, गुडघ्याएवढ्या उंचीवर करावी. फुले नव्या फुटव्यांच्या शेंड्याकडे येतात, त्यामुळे ऐन पावसाळ्यात किंवा श्रावणानंतर छाटल्यास नवरात्राच्या सुमाराचा बहर हातचा जातो. यंदा लावलेल्या रोपांना पहिल्या वर्षी कोयता लावू नये, केवळ भोवतीचे गवत काढून तेच बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे.