वस्तीत फ्लूची लस पोचवायची असेल तर आधी कामाचा खाडा बघा

पावसाळ्यात फ्लू वाढतो हे सगळ्यांना माहितीये, पण लसीची आठवण येते ती जुलैमध्ये, शेजारचं कोणीतरी अ‍ॅडमिट झालं की मग. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर असतो, थंडीत परत एक लाट येते, आणि लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोनेक आठवडे जातात. म्हणून वस्तीत काम करायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच लागा. त्यात वारीला जाणारी म्हातारी माणसं असतील तर त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर, कारण ज्येष्ठ वद्यात पालख्या निघाल्या की अडीच-तीन आठवडे गर्दीत चालायचं, दाटीवाटीने झोपायचं आणि भिजलेल्या कपड्यांनी पुढे जायचं, त्यात फ्लू पसरायला काहीच लागत नाही.

पहिलं काम म्हणजे लस कुठे आहे ते शोधा, लोकांशी बोलायचं नंतर. गरोदर बायका, शुगर-बीपीचे पेशंट यांना राज्यात सरकारी दवाखान्यातून फ्लूची लस फुकट दिली गेलीये, पण साठा सगळीकडे आणि कायम असेलच असं नाही. म्हणून मनपाच्या दवाखान्यात किंवा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, जाऊन मेडिकल ऑफिसरनाच विचारा की किती डोस आहेत, कोणाला देताय, कुठल्या वारी देताय. खाजगीत हीच लस हजाराच्या वर जाते, आणि रोजंदारीवरच्या घरात सासू, सून आणि दम्याचा नातू असे तिघं असतील तर तो आकडा तोंडातून काढायचीही लाज वाटते. डोस हातात असल्याशिवाय कोणाला बोलावू नका, एकदा माणूस रांगेतून परत गेला की तो पुढच्या वर्षीही येत नाही.

मग यादी. वस्तीतली सगळी माहिती आशाताईंकडे असते, कोण कितव्या महिन्यात आहे, कोणाला शुगर आहे, कोण दम्याच्या पंपाशिवाय झोपत नाही. त्यांना सोबत घ्या, त्यांच्या डोक्यावर बसू नका, त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत. 60-65 च्या पुढची माणसं, गरोदर बायका, दमा, हृदय, किडनी, शुगरवाले आणि पाच वर्षांखालची मुलं, एवढ्यांपासून सुरू करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, पण आईने गरोदरपणात घेतली तर तिचं संरक्षण बाळालाही मिळतं. गरोदर बाईला हे सांगितलं की ती ऐकते, आणि हे तिच्या सासूसमोर सांगा कारण बहुतेक घरात हो-नाही तिथेच ठरतं.

आता खरं अवघड काम, बोलणं. लोक अडाणी आहेत म्हणून नाही म्हणतात असं मला अजिबात वाटत नाही. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी मला म्हणाल्या होत्या, "कोविडच्या सुईनंतर दोन दिवस उठता आलं नाही, दोन खाडे झाले, मॅडमनी पैसे कापले." आता यात चूक काय आहे सांगा? अशा वेळी लसीचं शास्त्र सांगत बसू नका, "मावशी, तुमची सुट्टी कधी असते?" एवढंच विचारा. त्यांची सुट्टी रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळी लस, रविवारी आराम. नाक्यावरच्या मजुरांना तर सकाळी दहाचा कॅम्प कधीच जमणार नाही, दहाला ते साईटवर असतात. कॅम्प संध्याकाळी सातनंतर आणि वस्तीतच ठेवा, देवळाच्या मंडपात, मशिदीजवळच्या हॉलमध्ये, बुद्धविहारात, जिथे लोक रोज येतातच तिथे. सिस्टरना त्या वेळी यायला परवानगी लागते, तो अर्ज आधीच द्या.

हातचं राखून बोलू नका. हात ठणकेल, कणकण येईल, अंग दुखेल, बहुतेकांचं एक-दोन दिवसात जातं, हे टोचण्याआधीच सांगा. सुईतली लस मेलेल्या विषाणूची असते, तिच्याने फ्लू होत नाही. आणि "आता सर्दी होणार नाही" असं तर चुकूनही म्हणू नका, कारण साधी सर्दी होणारच, फ्लूही होऊ शकतो, लसीचं काम आहे तो छातीत उतरून न्यूमोनियापर्यंत आणि अ‍ॅडमिट होण्यापर्यंत जाण्याचा धोका कमी करणं. दरवर्षी का घ्यायची हे हमखास विचारतात, तर विषाणू रूप बदलत राहतो, लसीचा असरही काही महिन्यांत उतरतो, म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या लसीत काय असावं ते ठरवते. पुण्यात 2009 चा स्वाइन फ्लू लोकांना आठवतो, तोंडाला रुमाल, बंद शाळा, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, त्याची आठवण काढा पण घाबरवू नका, घाबरलेला माणूस दार लावून घेतो.

कॅम्पच्या दिवशी लस 2 ते 8 डिग्रीतच राहिली पाहिजे आणि गोठता कामा नये, ते सिस्टर बघतील, तुम्ही बसायला सावली, पाणी आणि खुर्च्या बघा कारण टोचल्यावर 15-20 मिनिटं थांबवायचं असतं. आधी कुठल्या लसीने अंगावर गांध्या, सूज, श्वास लागणं असं झालंय का, आज जोराचा ताप आहे का, हे सगळ्यांना विचारा आणि हो म्हणाले तर डॉक्टरांकडे पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला फोन, हे सोडू नका. ज्यांना ताप आलाय त्यांच्या घरी जाऊन या, गोळी कोणती चालेल ते डॉक्टरांना विचारून सांगा, जास्त वाटलं तर दवाखान्यात न्या. वस्तीत लसीबद्दल काय बोललं जाणार ते या एका सकाळीच ठरतं. आणि नऊ वर्षांखालच्या ज्या मुलांनी पहिल्यांदाच घेतलीये त्यांना चार आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, तर त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहा आणि पुढची तारीख आईच्या मोबाईलमध्ये तिथेच अलार्म लावून द्या.