पोट दुखतंय? बेंबी धरून जागा सांगा
मराठीत ‘पोट’ म्हणजे जठरही आणि बरगड्यांखालपासून ओटीपोटापर्यंतचा सगळा भागही. म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘पोट दुखतंय’ सांगू नका. बेंबीच्या वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, ते बोट ठेवून दाखवा. उजव्या बरगड्यांखाली यकृत आणि पित्ताशय. मूत्रपिंडं पाठीच्या बाजूला, त्यामुळे मुतखड्याची कळ कमरेतून जांघेकडे उतरते. अपेंडिक्सचं दुखणं मात्र फसवं: अनेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी खाली उजवीकडे सरकतं. असं झालं तर ओवा खाऊन वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, आणि आधी कुठे दुखत होतं तेही सांगा. आजीच्या वतीने तुम्ही बोलत असाल, तर उजवं-डावं तिचं धरायचं, समोर उभ्या असलेल्या तुमचं नाही.