कमी खर्चाचा आयन सापळा: लेथपासून टोल्युइनच्या शिखरांपर्यंत

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वुल्फगांग पाउल यांना ज्या आयन सापळ्यासाठी, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) बदलत्या व्होल्टेजने कोंडून धरणाऱ्या रचनेसाठी, १९८९ साली नोबेल मिळाले, त्याचे मूळ इलेक्ट्रोड अतिपरवलयाकार असतात आणि ते अचूक घडवणेच महागात जाते. म्हणून स्वस्तातला मास स्पेक्ट्रोमीटर (आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र) करणाऱ्याने दंडगोलाकार सापळा निवडावा, म्हणजे मधोमध भोक असलेली एक जाड चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्राची दोन सपाट झाकणे. हे भाग वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत साध्या लेथवर स्टेनलेस स्टीलमध्ये करून मिळतात. भाग हाती आल्यावर मात्र छिद्राच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. कुसळासारखी बर (कापताना राहिलेली धातूची टोकदार कड) लागली तर ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण व्होल्टेज दिल्यावर ठिणगी नेमकी तिथूनच उडते. नंतर ॲसिटोनने तेल काढावे आणि पुढे हातमोज्यांशिवाय हात लावू नये.

आकार ठरवण्याआधी चकतीला द्यायच्या बदलत्या (एसी) व्होल्टेजचा हिशेब करावा. भोकाची त्रिज्या ५ मिलिमीटर, केंद्रापासून झाकणाचे अंतर सुमारे ३.५ मिलिमीटर आणि वारंवारता १ मेगाहर्ट्झ धरल्यास आदर्श सापळ्याच्या सूत्रानुसार १०० वस्तुमानाचा एकभारी आयन सुमारे २३० व्होल्ट शिखरमूल्याला बाहेर पडतो. सगळी मापे दुप्पट केली की त्यालाच सुमारे ९२० व्होल्ट लागतात. सपाट झाकणांमुळे प्रत्यक्ष आकडा याहून जास्त निघतो, तेव्हा हाताशी राखीव व्होल्टेज असू द्यावे. एकूण धारिता ५० पिकोफॅरड भरली तर सुमारे ५०० मायक्रोहेन्रीची कॉइल त्या वारंवारतेला अनुनाद साधते, म्हणजे थोड्या शक्तीत मोठे व्होल्टेज उभे राहते, आणि लहान ॲम्प्लिफायरवरही काम भागते.

पैसा वाचवायचा तो इलेक्ट्रोडमध्ये. सापळ्याच्या कक्षात निर्वात करणाऱ्या टर्बो पंपात काटकसर, माझ्या मते, अंगाशी येते. पावसाळ्यात कक्ष उघडा राहिला की भिंतींना ओल धरते, म्हणून पंप चालू ठेवून तो तापवून घ्यावा.

आतल्या वायूचे आयन करण्यासाठी फिलामेंटचे (तापलेल्या तारेचे) इलेक्ट्रॉन काही मिलिसेकंद आत सोडावेत, सुमारे १ मिलिटॉर (दाबाचे एकक) हेलियममध्ये आयन शांत होऊ द्यावेत आणि मग व्होल्टेज चढवत न्यावे. हलके आयन आधी बाहेर पडतात. चाचणीला टोल्युइनची वाफ उत्तम, कारण नोंदीत ९१ आणि ९२ वस्तुमानांची शेजारची शिखरे वेगळी दिसायला हवीत. दोन्ही मिसळून एकच उंचवटा दिसला, तर आयनांची गर्दी झाली असे समजून आधी आयनीकरणाचा वेळ निम्मा करून पाहावा.