दगडी रस्त्यावरची शर्यत: आधी हात सैल सोडा

पॅरिस-रुबे या फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांच्या सायकल शर्यतीत, ज्युनिअर गटात, पहिल्याच दगडी पट्ट्यावर माझी पाण्याची बाटली उडाली. हँडल आवळून धरल्यामुळे तळहातांना फोड आले ते वेगळेच. म्हणून पकड सुटणार नाही इतपतच ठेवा, कोपरं वाकवा.

टायर ३० मिलिमीटरच्या आसपासचे घ्या, हवा नेहमीपेक्षा कमी भरा. फारच कमी केलीत तर दगड थेट रिमवर आदळतो.

गिअर थोडा जड ठेवा. भार पायांवर येतो, बूड हलकं राहतं. रस्त्याच्या मधला उंचवटा पकडा. कडेची माती मऊ दिसते खरी, पण पंक्चर करणारे खडे तिथेच!

पॅरिस-रुबेत कारफूर द लार्ब्र नावाचा २.१ किलोमीटरचा दगडी पट्टा शेवटाजवळ येतो. तिथे वेग सोडू नका, हळू गेलात तर हादरे जास्त बसतात.