दक्षिण सुदानला वर्षभर जाताना: इंदूर-महूच्या घरांसाठी तयारीची यादी

तयारी बॅगेपासून सुरू करू नका. बॅग शेवटच्या दोन दिवसांत भरून होते. सही मात्र माणूस घरात असतो तेव्हाच मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या भारतीय लष्कराच्या तुकडीचा मुक्काम साधारण वर्षाचा असतो आणि कुटुंब बरोबर नेता येत नाही. म्हणून हुकूम हातात आला की त्याच आठवड्यात सहीची कामे काढा.

पहिले काम पार्ट टू ऑर्डरचे, म्हणजे सैनिकाच्या घरची माहिती लष्कराच्या रेकॉर्ड्समध्ये चढवणाऱ्या आदेशाचे. लग्न, मुलांचे जन्म, मुलांची नावे हे सगळे रेकॉर्ड्समध्ये चढले आहे का, ते युनिटच्या क्लार्ककडून लेखी बघून घ्या. पत्नीचे नाव आधारवर एक, बँकेत दुसरे आणि रेकॉर्ड्समध्ये तिसरे असेल, तर पुढे पेन्शनपासून मुलांच्या दाखल्यापर्यंत सगळे अडते. लग्नानंतर नाव बदलण्याची आपल्याकडची रीत या घोटाळ्याचे मोठे कारण आहे. पगाराचे खाते दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचे हवे, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवू शकेल असे. नॉमिनेशन बँक, विमा आणि फंड या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे भरावे लागते. एका ठिकाणी भरले की बाकीच्या ठिकाणी आपोआप चढत नाही.

घराचा, प्लॉटचा किंवा कोर्टाचा व्यवहार अर्धवट असेल तर मुखत्यारपत्र इथेच करून जा. तिथल्या राजधानीत, जुबात, भारतीय दूतावास आहे, पण तिथे करून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. शिवाय उत्तरेकडच्या मलाकाल शहरात नेमणूक असेल तर जुबा हाकेच्या अंतरावर नाही. बहुतेक प्रवास विमानाने.

मोबाइल नंबर हा आता घराचा उंबरठाच झाला आहे. बँकेचे, आधारचे, गॅस सिलिंडरच्या डिलिव्हरीचे, मुलांच्या समग्र आयडीचे (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाचे) ओटीपी त्याच एका नंबरावर येतात. तो नंबर बरोबर गेला आणि तिथे रोमिंग मिळाले नाही, तर राजेंद्रनगरच्या घरी सिलिंडर दारातून परत जातो. शिवाय प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही तर बंद होऊ शकते. तेव्हा बँकेचा नंबर आणि बोलण्याचा नंबर वेगळे करा. बँकेचे सिम घरच्या फोनच्या दुसऱ्या खणात ठेवा आणि त्याच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. गॅस आणि वीजबिलाचे खाते तर सरळ पत्नीच्या किंवा वडिलांच्या नंबरावर करून टाका.

आई-बाबा इंदुरात एकटे राहणार असतील तर त्यांच्या डिपेंडंट कार्डाची (लष्करी दवाखान्यात लागणाऱ्या ओळखपत्राची) मुदत आजच बघा. महूचे मिलिटरी हॉस्पिटल शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे; रात्री छातीत दुखले तर आधी जवळच्या दवाखान्यात न्यायचे आणि मग तिकडे कळवायचे, हे ठरवून फ्रिजवर लिहून ठेवा. नर्मदेचे पाणी दिवसाआड येते. टाकी, मोटर आणि ती दुरुस्त करणारा कोण, हेही त्याच कागदावर असू द्या.

लशींचे युनिट बघते, पण पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड स्वतः सांभाळा. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य धरले जाते आणि मग आयुष्यभर चालते. परतताना ते हरवलेले असेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

बॅगेबद्दल थोडक्यात. वजनाची मर्यादा मूव्हमेंट ऑर्डरमध्ये असते, तीच खरी. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानात चालत नाहीत, कारण खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते. लोणच्याचे तेल दाबाने गळते. त्याऐवजी मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि सेव द्या, तीही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड, सीलबंद पिशव्यांत. मोठी पिशवी एकदा फुटली की पावसाळी दमटपणात दोन दिवसांत मऊ पडते. बुटांचे दोन जोड हवेतच. तिथली माती आपल्या माळव्यासारखीच काळी: उन्हाळ्यात भेगा, पावसात चिकट चिखल. एप्रिल-मे ते ऑक्टोबर गाड्या रुततात, रस्ते तुटतात, आणि रसदही उशिरा पोहोचते. रोजची औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, दाढीचे सामान हे त्या हिशेबाने घ्या.

आता सेवेची तयारी. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि चुका इथेच होतात. आपल्या तुकड्या तिथे दवाखाने चालवतात, रस्ते दुरुस्त करतात, गुरांवर उपचार करतात. दिंका, नुएर आणि शिल्लुक लोकांत गुरे म्हणजे लग्नातले देणे, दंड आणि इज्जत. म्हणून पशुवैद्यकांच्या शिबिराला गर्दी होते. शिबिर पहाटे लावा, उन्हे चढली की गुरे चरायला जातात. लस २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. लस तापून गेली की ती टोचून काही उपयोग नाही, वर मालकाचा विश्वास जातो तो वेगळाच. माणसांच्या शिबिरात महिला कर्मचारी आणि स्थानिक दुभाषा असल्याशिवाय बसू नये. रक्तदाबाच्या पाच दिवसांच्या गोळ्या देऊन काय साधते? पुढची गोळी कुठल्या दवाखान्यात मिळेल हे सांगता येत असेल तरच औषध सुरू करा.

चालत्या गाडीतून मुलांना गोळ्या-बिस्किटे कधीही टाकू नका. मनात माया असते, पण दुसऱ्या दिवशी मुले चाकाखाली धावतात. शाळेला द्यायचे असेल तर मुख्याध्यापकांच्या हाती द्या. शाळेची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे वह्या, खडू आणि फळ्याचा रंग कामाला येतात. फुटबॉल आणि व्हॉलीबॉल नेताना पंप आणि त्याच्या किमान पाच-सहा सुया न्या. सुई हरवते आणि नवा चेंडू महिनाभर चपटा पडून राहतो. जुबा अरबीतले दहा शब्द इथूनच पाठ करा: शुक्रान म्हणजे आभार, मोया म्हणजे पाणी, क्वेस म्हणजे छान.

संयुक्त राष्ट्रांचे नियम घरच्यांनीही ऐकलेले बरे. १८ वर्षांखालील कोणालाही कामाला ठेवायचे नाही. पैसे किंवा धान्य देऊन शरीरसंबंध हा अक्षम्य गुन्हा आहे. विस्थापितांच्या छावणीतल्या लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो परवानगीवाचून काढायचे नाहीत. ते घरच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, आणि ताफा कधी निघणार हेही तिथे लिहायचे नाही.

फोनची वेळ आधीच ठरवा. तिथले घड्याळ साडेतीन तास मागे आहे: तिकडे संध्याकाळी साडेपाच, तेव्हा इंदुरात रात्रीचे नऊ, मुले जागी असतात. दोन-तीन दिवस फोन आला नाही तर आधी युनिटच्या मागे राहिलेल्या ऑफिसला विचारा, बातम्या नंतर बघा. तो नंबर घरात दोघांकडे तरी असावा.

मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या आहेत. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर लगेच आडवे न होता. घरी आल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून क्रोसिनवर थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: दक्षिण सुदानहून आलोय.