स्किझोफ्रेनिया आणि गांजा एकत्र असताना घरच्यांनी टाळायच्या चुका

मुलाला स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असा गंभीर मानसिक आजार) आहे आणि तो गांजाही ओढतो, हे कळल्यावर घरात पहिले काही महिने एकाच वादात जातात. वडील म्हणतात, गांजानेच डोकं फिरवलं. आजी म्हणते, करणी झालीय, वाडीला नेऊन आणा. कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत अशी घरं मी समुपदेशनाच्या कामात रोज बघते. नरसोबाच्या वाडीला जरूर जा, दर्शन घ्या, मन शांत होतं. पण गोळीची वेळ चुकवू नका आणि दवाखान्याची तारीख पुढे ढकलू नका.

कारणाबद्दल थोडक्यात सांगते. 1987 साली स्वीडनमधल्या 45 हजारांहून अधिक तरुण सैनिकांचा 15 वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 50 हून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सहापट दिसलं. तरीही गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. आनुवंशिकता, वय, गांजाची तीव्रता अशा बऱ्याच गोष्टी त्यात असतात. तेव्हा दोष कुणाचा हे ठरवत बसू नका. आजार सुरू झाल्यावरही गांजा चालू राहिला तर आजार पुन्हा उलटण्याची, म्हणजे लक्षणं परत बळावण्याची शक्यता वाढते, एवढं मनात पक्कं ठेवा.

"आधी गांजा सोड, मग बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरचे असं म्हणतात, कधी कधी दवाखान्यातही म्हणतात. व्यसनवाले सांगतात, आधी मानसिक आजार बरा करून आणा. मानसोपचारवाले सांगतात, आधी व्यसन सोडवून आणा. पोरगं दोन दारांच्या मध्ये अडकतं आणि गोळ्या बंद पडतात. दोन्हींवर एकाच वेळी, शक्यतो एकाच टीमकडून उपचार व्हायला हवेत. गांजा सुटलेला नसला तरी गोळी चालू राहते, समुपदेशन चालू राहतं. गांजा सोडणं ही उपचाराची अट ठेवायची नाही.

शपथा आणि धमक्या

अंबाबाईची शपथ घालायची, "पुन्हा ओढलास तर घरात पाय ठेवू नकोस" म्हणायचं, खिसे तपासायचे. हे सगळं प्रेमापोटीच होतं. पण घरात सतत टीका आणि तणाव असेल तर स्किझोफ्रेनिया लवकर उलटतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय शपथ मोडली की मुलगा खोटं बोलू लागतो आणि मग खरं काय चाललंय ते कुणालाच कळत नाही.

समुपदेशनात आम्ही वेगळ्या वाटेने जातो. याला प्रेरणात्मक मुलाखत म्हणतात. सोडायचं कारण पेशंटच्याच तोंडून यावं, अशा बेताने बोलायचं. एमआयडीसीत कामाला जाणारा एखादा मुलगा समोर असेल तर बोलणं साधारण असं चालतं:

"ओढल्यावर बरं काय वाटतं रे?"

"आवाज जरा लांब जात्यात, मॅडम. झोप लागती."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुपारनंतर लई येत्यात. माणसं माझ्याबद्दलच बोलत्यात असं वाटतंय. काम सोडून घरी येतो."

"म्हणजे रात्री जातात, आणि दुपारी परत जास्त येतात?"

तो गप्प बसतो. थोड्या वेळाने म्हणतो, "हां. तसंच हाय की."

यात उपदेशाचा एक शब्द नाही. पण पुढच्या वेळी तोच सांगतो की झोपेसाठी दुसरं काही असेल तर द्या. तिथून खरं काम सुरू होतं. झोपेची वेळ ठरवायची, आवाज आले की काय करायचं ते ठरवायचं, गोळीची वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारायचं. "तो कशासाठी ओढतो?" हा प्रश्न घरच्यांनीही विचारावा, पण आवाज न चढवता. कुणी भास कमी व्हावेत म्हणून ओढतो, कुणी कंटाळ्यापोटी, कुणी केवळ रंकाळ्यावर संध्याकाळी भेटणारे मित्र तुटू नयेत म्हणून. प्रत्येकाचा उपाय निराळा. मित्रांचा प्रश्न असेल तर नुसतं "नाही म्हण" सांगून भागत नाही. "गोळ्या चालू हायत, डॉक्टरांनी नको म्हटलंय" हे वाक्य त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घ्यावं लागतं. पगाराच्या दिवशी घरी यायचा रस्ता बदलावा लागतो.

महिन्याभरात निकाल हवा

खोटी आशा मी देणार नाही. ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गंभीर मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेले 327 जण होते. त्यांच्यापैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर वर्षभर प्रेरणात्मक मुलाखत आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची थेरपी) मिळाले. नशेचं प्रमाण काहीसं घटलं, पण रुग्णालयात भरती होणं कमी झालं नाही. 2019 साली तिथेच 551 जणांचा दुसरा अभ्यास आला. गांजा न घेणाऱ्यांना व्हाउचर देऊन पाहिलं, पण आजार उलटायला उशीर झाला नाही. म्हणजे एकच रामबाण थेरपी अजून सापडलेली नाही. म्हणून "दहा सेशन झाली, काही उपयोग नाही" म्हणत थेरपी सोडू नका. रोज ओढणारा आठवड्यातून दोनदा ओढू लागला आणि गोळी चुकवत नसेल, तर ती प्रगतीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यालाच खूण करू द्या, तुम्ही करू नका.

लघवीची तपासणी पोलिसी पद्धतीने करणंही टाळा. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतर कित्येक आठवडे अंश सापडू शकतो. प्रामाणिकपणे थांबलेल्या मुलाला त्यावरून खोटारडं ठरवलं तर तो परत येत नाही.

सोडल्यावर बिघडला, म्हणून घाबरणं

गांजा थांबवल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, विचित्र स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वांत जास्त, दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा उतरतो. घरच्यांना वाटतं आजार उलटला, किंवा "यापेक्षा ओढत होता तेच बरं". डॉक्टरांना दाखवा, पण धीर सोडू नका. तो कुणाशी बोलत नाही, अंघोळ करत नाही, याचं खापरही दर वेळी गांजावर किंवा आळसावर फोडू नका. तो आजाराचाच भाग असू शकतो.

आणखी एक बाब घरच्यांना क्वचितच कुणी सांगतं. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात. त्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. ओढणं अचानक बंद झालं की तेवढ्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पेंग, चक्कर, लाळ गळणं, क्लोझापिनमध्ये तर झटकेही येऊ शकतात. तेव्हा सोडायचं ठरलं की आधी डॉक्टरांना कळवा. मात्रा स्वतः कमी-जास्त करू नका.

कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात टाकणं

जिथे मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, गोळ्या बंद करतात, बांधून ठेवतात, तिथे स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला ठेवू नका. साखळीने बांधणं 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद केलं आहे. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नका.

महाशिवरात्रीला, रंगपंचमीला "प्रसादच आहे" म्हणून भांगेचा पेला हातात देणारे असतात. भांगेतही तोच अमली घटक असतो. तालमीतली बदामाची थंडाई खुशाल पाजा, भांगेची नको.

पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून गांजा लपवणारी घरं मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात. पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्यातच आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64-अ त्याला संरक्षण देतं. डॉक्टरांना सगळं सांगा: किती, कधीपासून, कशात मिसळून.

आणि आवाज त्याला काही करायला सांगत असतील, मरणाचं बोलणं असेल, दोन-दोन रात्री झोप नसेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. रात्री-अपरात्री नुसता सल्ला हवा असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.