ध्रुवीय प्रकाशासाठी रात्रीची स्नोमोबाइल सफर : लॅपलँडला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फिनलंडच्या लॅपलँडमध्ये संध्याकाळी निघणाऱ्या स्नोमोबाइल सफरीची नोंदणी करताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी इंजिनाची गाडी, आपल्याला गावाच्या दिव्यांपासून दूर, खऱ्या अंधारात नेते, परंतु ढगांच्या बाहेर नेऊ शकत नाही. ठरलेल्या बर्फाळ वाटांवरून दोन-तीन तासांत जाऊन येता येईल एवढेच तिचे क्षेत्र असते आणि तेवढ्या अंतरात आकाश सहसा एकसारखेच असते. गावावर ढग असतील तर दहा-पंधरा किलोमीटरवरच्या गोठलेल्या तळ्यावरही ते बहुधा असतातच. मोटारीने जाणारी सफर निरभ्र आकाशाच्या शोधात शंभर किलोमीटर पलीकडे जाऊ शकते, स्नोमोबाइलची सफर तसे करू शकत नाही. म्हणून मुक्काम निदान चार रात्रींचा ठेवावा, स्नोमोबाइल त्यांपैकी सुरुवातीच्या एखाद्या रात्री घ्यावी आणि उरलेल्या रात्री मोकळ्या ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच रात्रीवर सगळी आशा ठेवून इतक्या लांब जाऊ नये.

मुक्कामासाठी मी रोवानिएमीपेक्षा सारिसेल्का किंवा इनारी सुचवीन. रोवानिएमी उत्तर ध्रुववृत्तालगतचे शहर आहे, तेथे जाणे-येणे सोयीचे आहे, पण शहराचा उजेडही तेवढाच आहे. सारिसेल्का ६८ अंश अक्षांशाच्या वर आहे, हेलसिंकीहून विमानाने इवालोला उतरल्यावर तेथे पोहोचायला सुमारे अर्धा तास लागतो आणि गावाच्या शेवटच्या दिव्यापासून थोडे पुढे गेले की काळोख सुरू होतो. अरोराचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असला तरी स्नोमोबाइलसाठी पुरेसे बर्फ साधारण डिसेंबरपासूनच भरवशाचे असते. नाताळच्या सुट्टीत गर्दी व दर दोन्ही अधिक असतात आणि आकाशही बरेचदा ढगाळ राहते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा बर्फ भरपूर असते, निरभ्र रात्रींची शक्यता वाढलेली असते आणि विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सौर वाऱ्याशी (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाशी) अधिक सहज जोडले जात असल्याने अरोराही अधिक वेळा दिसतो.

अंदाज कसा वाचावा याबद्दल बराच गैरसमज आहे. भूचुंबकीय हालचाल दाखवणारा केपी निर्देशांक ० ते ९ असा मोजतात आणि तो २ दिसला की अनेक जण निराश होतात. परंतु सारिसेल्का अरोराच्या पट्ट्यातच असल्यामुळे तेथे केपी १ किंवा २ असतानाही सुंदर प्रकाश दिसू शकतो. त्यामुळे या भागात आधी ढगांचा अंदाज पाहावा आणि मग केपी. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही माहिती मिळते. शिवाय, दोन-तीन दिवस आधीचा अरोराचा अंदाज ढोबळच असतो. सौर वाऱ्याचे प्रत्यक्ष मोजमाप पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ या बिंदूजवळ होते आणि तेथून तो वारा पृथ्वीपर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, म्हणजे खात्रीची सूचना तेवढीच आधी मिळते. याच एल-१ बिंदूभोवती जानेवारी २०२४ पासून आपले आदित्य-एल१ यान फिरत आहे आणि त्यावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटणे साहजिकच आहे.

चंद्राचाही विचार करावा. पौर्णिमेच्या रात्री ठळक अरोरा दिसतोच, पण मंद अरोरा चांदण्यात विरून जातो. उलट अर्ध्या चंद्राच्या उजेडात भोवतालचे बर्फाच्छादित पाइन वृक्ष छायाचित्रात छान उठून दिसतात. त्यामुळे केवळ चंद्रासाठी तारखा बदलण्याची गरज नाही.

सफर निवडताना किमतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा : थांबा किती वेळाचा आहे? तीन तासांच्या सफरीत सव्वादोन तास वाहनावर आणि वीस मिनिटे शेकोटीजवळ असा हिशेब असेल, तर तो वाहन चालवण्याचा कार्यक्रम झाला. हेल्मेटच्या काचेतून आणि पुढच्या दिव्याच्या उजेडात आकाश फारसे दिसत नाही. निदान पाऊण ते एक तास इंजिने बंद करून उघड्या जागी थांबणारी सफर घ्यावी. दुसरा प्रश्न निघण्याच्या वेळेचा. या भागात अरोरा बहुधा रात्री नऊ ते मध्यरात्रीनंतरच्या एक तासापर्यंत अधिक दिसतो. सायंकाळी सहाला निघून साडेआठला परत आणणाऱ्या सफरीपेक्षा आठ-नऊला निघणारी बरी. गट लहान असावा. दर बहुधा एका वाहनावर दोघे असे धरून सांगितलेला असतो आणि एकट्याला वाहन हवे असल्यास वेगळी रक्कम द्यावी लागते. दोघे असाल तर अर्ध्या वाटेवर चालक बदलता येतो. लहान मुलांना मार्गदर्शकाच्या वाहनामागे जोडलेल्या घसरगाडीत बसवतात. गर्भवती स्त्रियांनी आणि पाठीच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी ही सफर घेऊ नये, कारण गोठलेल्या वाटेवरचे धक्के थेट कमरेला बसतात.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसा आणि त्यासाठी लागणारा किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्या विम्यात स्नोमोबाइल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, हे पॉलिसीच्या अटींत स्वतः वाचून पाहावे. अनेक साध्या पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. चालकाकडे वैध वाहन परवाना असावा लागतो आणि बहुतेक कंपन्या वय १८ पूर्ण असण्याची अट घालतात. आपल्याकडचा चारचाकीचा मूळ परवाना सोबत ठेवावा, मोबाइलमधील प्रत चालेल असे गृहीत धरू नये. आरटीओकडून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेणे उत्तम. परवाना केवळ दुचाकीचा असेल तर तो चालेल का, हे कंपनीला लेखी विचारावे. तसेच वाहनाचे नुकसान झाल्यास चालकाला स्वतःच्या खिशातून कमाल किती रक्कम भरावी लागेल, हेही आधीच विचारून घ्यावे. ही रक्कम शेकडो युरोंत जाऊ शकते आणि थोडे जादा पैसे भरून ती कमी करण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

कपड्यांच्या बाबतीत कंपनी वरचा जाड सूट, बूट, हातमोजे आणि हेल्मेट देते. आतले थर आपले असतात आणि सफर सुखाची होणे त्यांवरच अवलंबून असते. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घट्ट थर घालावा, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स मुळीच घालू नयेत, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर तोच ओलावा अंग गारठवतो. दोन जाड मोजे घालून बूट घट्ट करू नये. बोटांना हालचालीपुरती जागा हवी, म्हणून बूट एक माप मोठा मागावा. तापमान उणे २० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला उणे ३४ अंशांइतका गारठा जाणवतो. गाल व नाक पूर्ण झाकणारी कानटोपी हेल्मेटच्या आत घालावी. चष्मा असणाऱ्यांना श्वासाच्या वाफेचा त्रास फार होतो. श्वास नाकावाटे खाली सोडावा, थांबताच हेल्मेटची काच वर करावी, आणि सवय असेल तर त्या रात्री कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्यात.

आता प्रत्यक्ष चालवण्याकडे येऊ. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेल्यांना स्नोमोबाइल सोपी वाटते, आणि नेमक्या त्यांच्याच दोन सवयी येथे घातक ठरतात. पहिली सवय मुठीची. येथे ॲक्सिलरेटर मूठ पिळून नव्हे, तर उजव्या अंगठ्याने कळ दाबून द्यायचा असतो. घाबरल्यावर माणूस मूठ घट्ट आवळतो, त्याबरोबर अंगठाही दाबला जातो आणि वाहन थांबण्याऐवजी पुढे उसळी घेते. निघण्यापूर्वी जागेवरच अंगठा पूर्ण सोडून डाव्या हाताने ब्रेक दाबण्याचा सराव पाच-सहा वेळा करावा. दुसरी सवय पाय टेकवण्याची. वाहन कलू लागले की दुचाकीस्वाराचा पाय आपोआप बाहेर येतो. येथे पाय बाहेर काढला तर अडीचशे-तीनशे किलोचे वाहन त्यावर येऊ शकते. काहीही झाले तरी पाय पायफळीवरच ठेवावेत आणि शरीराचा भार वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावा. मागे बसणाऱ्यानेही चालकाबरोबर त्याच बाजूला झुकावे.

पुढच्या स्की आधी गेलेल्या वाहनांच्या चाकोरीत शिरतात, तेव्हा हँडल सतत डावी-उजवीकडे ओढले जाते. ते तसेच असते. त्याच्याशी झगडू नये, हात सैल ठेवून फक्त दिशा राखावी. ब्रेक दाबून वळू नये, वेग वळणाआधीच कमी करावा. वाट सोडून मऊ बर्फात जाऊ नये, कारण तेथे वाहन रुतते आणि ते काढण्यात साऱ्या गटाचा वेळ जातो. इंजिन तत्काळ बंद करणारी सुरक्षा दोरी सूटला अडकवलेली आहे ना, हे दर वेळी बसताना पाहावे. फिनलंडमध्ये स्नोमोबाइलची वेगमर्यादा वाटांवर ताशी ६० आणि गोठलेल्या जलाशयांवर ताशी ८० किलोमीटर असली, तरी रात्रीच्या गटाला याच्या निम्मा वेग पुरतो. पुढच्या वाहनापासून किमान वीस-पंचवीस मीटर अंतर ठेवावे, ओलांडून जाऊ नये आणि मार्गदर्शकाने हात वर केला की आपणही हात वर करून मागच्याला खूण द्यावी. वाटेत रेनडियर दिसल्यास थांबून त्यांना जाऊ द्यावे. लॅपलँडमधील प्रत्येक रेनडियरला मालक असतो आणि हिवाळ्यात घाबरून धावणे त्या जनावरांना फार महाग पडते. मद्य घेऊन वाहनावर बसू नये, हे वेगळे सांगायला नको. संकटकाळी फिनलंडमध्ये ११२ हा क्रमांक फिरवावा.

थांब्यावर पोहोचल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. या काळात मोबाइलचा पडदा किंवा डोक्यावरचा पांढरा दिवा लावला की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अरोरा सुरुवातीला उत्तर क्षितिजावर करड्या, फिकट पट्ट्यासारखा दिसतो आणि अनेक जण तो ढग समजून पाठ फिरवतात. त्या पट्ट्यातून तारे स्पष्ट दिसत असतील तर तो ढग नव्हे. खात्रीसाठी त्या दिशेने मोबाइलच्या नाइट मोडमध्ये एक छायाचित्र घ्यावे, हिरवी छटा लगेच उमटते. हा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचा असतो आणि त्याहून वरचा तांबडाही ऑक्सिजनचाच. प्रकाश जोर धरू लागला की पट्ट्याला पडद्यासारख्या चुण्या पडतात, खालच्या कडेला क्षणभर गुलाबी झाक येते आणि काही मिनिटांत तो डोक्यावर येतो. त्या वेळी कॅमेरा बाजूला ठेवून आधी डोळ्यांनी पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

छायाचित्रासाठी तिपाई आवश्यक आहे. आयएसओ १६०० ते ३२००, भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) शक्य तितके मोठे आणि प्रकाश घेण्याची वेळ दोन ते आठ सेकंद एवढ्यावर सुरुवात करावी. प्रकाश वेगाने हलत असेल तर वेळ कमी करावा. फोकस हाताने एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर लावून घ्यावा. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. परतल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर उबदार खोलीत त्यावर आतून-बाहेरून दव धरते.

शेकोटीवर बहुधा सॉसेज भाजतात आणि बेरीचा गरम रस देतात. शाकाहारी असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे आणि तरीही खिशात थोडा सुकामेवा ठेवावा. परत आल्यावर सही करण्यापूर्वी वाहन मार्गदर्शकाबरोबर एकदा पाहून घ्यावे.

आकाशाने साथ दिली नाही तर पैसे परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण बहुतेक कंपन्या सफरीचे पैसे घेतात, अरोराचे नव्हे. अशा वेळी मोकळ्या ठेवलेल्या रात्री उपयोगी पडतात. ढगांचा अंदाज रोज दुपारी पाहावा, निरभ्र रात्र असेल तर कोणत्याही सफरीशिवाय गावाच्या दिव्यांपासून दूर, सारिसेल्काजवळच्या ४३८ मीटर उंचीच्या काउनिस्पा टेकडीकडे जावे आणि उत्तरेकडे तोंड करून निदान तासभर थांबावे.